अर्धा आटा जास्त

वारा म्हणजे ऑर्कनी द्वीपसमूहातल्या त्या बेटाची कमाई, पण मॅन्सी ड्रीव्हरला आज तो नकोसा झाला होता.

पूर्वी कर्कवॉल बंदराकडे वीज नेणाऱ्या केबलची क्षमता भरली, की ऐन वाऱ्यात गावाची पवनचक्की थांबवावी लागे. आता त्या जादा विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढत आणि टाक्यांत भरून बोटीने कर्कवॉलला पाठवत. तिथे धक्क्यावरच्या बोटींचे दिवे त्यावर लागत. पण तीन आठवड्यांपूर्वी नवा नळ बसवल्यापासून टाकीचा दाब रोज थोडा उतरत होता. आज तीनच्या आत गळती सापडली नाही, तर कंपनी कारखान्याला टाळं लावणार होती.

"साबणाचं पाणी लावून पाहिलंस?" कारखान्याची प्रमुख शीना म्हणाली. ती त्याची चुलत बहीण.

"फेस धरायच्या आत वारा उडवतो."

"मग वारा पडल्यावर बघ."

"वारा पडला की कारखाना बंद, नळात दाबच नसतो. तेव्हा काय तपासू, माझं डोकं?"

या वायूला वास नाही, रंग नाही, पेटला तर दिवसाउजेडी ज्योतही दिसत नाही. चाळीस वर्षं बोटीची इंजिनं सांभाळलेल्या मॅन्सीला असला लबाड गडी भेटला नव्हता. खरं तर त्यामुळेच तो त्याला आवडायला लागला होता.

डबा खाताना भाकरीची रिकामी पिशवी वाऱ्याने फुगली. मॅन्सी घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. मग दुकानातून पिशव्या आणून त्याने नव्या नळाच्या बाराही सांध्यांना त्या लोकरीच्या दोऱ्याने घट्ट बांधल्या.

"लग्न आहे का कुणाचं?" शीना म्हणाली.

तासाभराने अकरा पिशव्या लोळागोळा होऊन फडफडत होत्या. बारावी पुरीसारखी टम्म फुगली होती.

"हा सांधा कुणी आवळला?" शीनाने विचारलं.

बोटीवर मॅन्सीला बापाने शिकवलं होतं, पुस्तकात लिहिलंय तेवढं आवळायचं आणि वर अर्धा आटा समुद्रासाठी, लाटांच्या हादऱ्याने सुटू नये म्हणून. त्या अर्ध्या आट्याने सांध्यातली वायू अडवणारी कडी चेपली होती. तीन आठवडे त्याने शिव्या मात्र दाब दाखवणाऱ्या काट्याला घातल्या होत्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मीच," तो म्हणाला. "बाराही."

शीनाने कंपनीला फोन करून गळती सापडल्याचं कळवलं, तेव्हा अडीच वाजले होते. मग दोघांनी नळातला वायू सोडला, बाराही सांधे बदलायला घेतले आणि गळक्याच्या जागी पहिला नवा घातला. पुस्तकात लिहिलंय तेवढा आवळून मॅन्सी थांबला. मनगट पुढे सरकायला बघत होतं.

त्याने पाना शीनापुढे धरला.

"उरलेले अकरा तू आवळ. माझ्या हाताला अजून समुद्र आठवतो."