धरायचं आणि सोडायचं

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. पण मला शोधत बसू नका. मी एका इस्त्रीवाल्या बाईंच्या रक्तात राहतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. माझं नाव हिमोग्लोबिन. मी एक प्रथिन आहे.

माझा जन्म हाडांच्या आतल्या मगजातला. आधी मी नुसती माळ होतो. तिच्या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. काही मण्यांना पाणी आवडायचं, काहींना पाण्याचं वावडं. वावडं असलेले आत दडले, बाकीचे बाहेर राहिले, आणि माळ वळत, मुडपत गुंडाळली गेली. झाला गोळा! म्हणून आम्हाला गोलाकार प्रथिनं म्हणतात. असे चार गोळे एकमेकांना बिलगले, तेव्हा मी पुरा झालो. प्रत्येक गोळ्यात एक खोबण, आणि खोबणीत लोहाचा एक कण.

त्या कणावर प्राणवायू बसतो. एक बसला की माझा आकार जरा बदलतो आणि पुढच्यांना बसणं सोपं जातं. फुप्फुसात धरायचं, अंगभर हिंडून सोडायचं. बोटांना द्यायचं, इस्त्री दाबणाऱ्या खांद्याला द्यायचं. शाबासकी कोणी दिली नाही. पण कानाच्या पाळीतून जाताना घरातलं बोलणं ऐकू यायचं, तेवढी करमणूक मला पुरे.

बाईंची नणंद शेजारी बसून घड्या घालते. वहिनी कॉलरला जेवढा वेळ देते तेवढा माझ्या भावाला दिला असता, तर तोही सरळ झाला असता, असं ती गिऱ्हाइकांना सांगते.

एकदा फार वारा सुटला. दवाखान्याचे पांढरे कोट आले होते. राख उडून डाग पडतील म्हणून नणंदेने सुचवलं, की इस्त्रीत भरायच्या निखाऱ्यांची बाहेरची शेगडी आत घे आणि खिडकी लाव. मग ती कपडे पोहोचवायला गेली. धूर नव्हता, म्हणून धास्तीही नव्हती.

पण धूर नसलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही.

तो आला.

माझ्या खोबणीत बसला.

मी सोडू पाहिलं. सुटेना. प्राणवायूपेक्षा तो कितीतरी घट्ट बसतो.

बाईंचं डोकं ठणकलं. हातातला कोट—

मग जमीन.

नणंद परतली, तिने दार-खिडकी सताड उघडली आणि शेजाऱ्यांना हाक मारून बाईंना दवाखान्यात नेलं. तिथे रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा बोटाला लावला. त्यावरचा आकडा चांगला होता. कसा नसेल? चिमटा माझा लाल रंग बघतो, आणि तो वायू बसलेला असतानाही मी लालच दिसतो. डॉक्टरीणबाईंना मात्र ते पटेना. घरात काय जळत होतं, असं त्यांनी विचारलं.

खरं सांगितलं तर जन्मभर आपल्यालाच बोल लागणार, हे नणंदेला कळत होतं.

"शेगडी आत होती," ती म्हणाली. "मीच घ्यायला लावली."

लगेच बाईंच्या तोंडावर मास्क चढला. प्राणवायूची अशी रीघ लागली, की त्या गर्दीने आगंतुकाला हळूहळू उठवलंच. मी मोकळा झालो. पुन्हा धरू लागलो, सोडू लागलो.

बाईंनी डोळे उघडले तेव्हा नणंद पायाशी बसून रडत होती. माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं, एवढंच तिचं चाललं होतं. यांनी शेगडीचं खरं सांगितलं म्हणून वेळेवर कळलं, असं डॉक्टरीणबाई बाईंना म्हणाल्या.

"वन्सं, डॉक्टरांना खरंही तुम्हीच सांगितलंत ना?" बाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "मग ते धरा आणि हे सोडा. आणि कोटांना डाग पडले का, तेवढं बघा."

मी तेव्हा नेमका कानाच्या पाळीत होतो. माझं जन्मभराचं काम इतक्या थोडक्यात मलाही कधी सांगता आलं नसतं.

मित्रांनो, आता मी ज्या तांबड्या पेशीत राहतो ती थकली आहे. लवकरच ती मोडीत निघेल. माझं लोह एखाद्या नव्या हिमोग्लोबिनला मिळेल, मणी दुसऱ्या प्रथिनांना. मला त्याचं दुःख नाही. मला वेळेवर सोडवणाऱ्या त्या घाबरलेल्या नणंदेचे उपकार मोठे आहेत. तुम्हाला एकच विनवणी. निखारे बंद खोलीत ठेवू नका. आणि कधी चूक झालीच आणि कोणी विचारलं, तर बोल लागला तरी खरं सांगा. तेव्हा कुणाच्या तरी रक्तात माझे भाऊबंद अडकून तुमच्या उत्तराची वाट बघत असतात.