नाकावरच्या सुपारीचा कौल

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजले की वारज्यातल्या त्या पत्र्याच्या मंडपाबाहेर चपलांचा ढीग पडायचा. रबरी चपला, करकरणाऱ्या कोल्हापुरी, कुणा कंपनीतल्या साहेबाचे पांढरे बूट, शाळेतून परस्पर आलेल्या पोरांचे धुळकट बूट. एवढे सगळे पाय अनवाणी झाले होते ते एका कुत्र्यापुढे.

कुत्रा तांबूस रंगाचा, ताठ कानांचा, गळ्यात झेंडूचा हार. त्याचं नाव अथर्व. त्याच्या शेजारी चौरंगावर, पायात खडावा घालून बसलेले ते श्वानानंद महाराज.

"दत्तगुरूंच्या पायाशी श्वान चार!" महाराज डोळे मिटून सांगायचे. "चार श्वान म्हणजे चार वेद. तिघे गुरूंपाशी राहिले. चौथा म्हणाला, गुरुदेव, मला आज्ञा द्या. वारज्याच्या भक्तांची कामं अडली आहेत!"

"वारज्याचं नाव घेऊन म्हणाला?" मंदाकिनीबाईंनी शेजारी बसलेल्या तुळजाबाईंना हळूच विचारलं. "बरा पत्ता सापडला त्याला. आमच्या पोस्टमनला अजून सापडत नाही."

"गप बसा हो बाई," तुळजाबाई पुटपुटल्या. "ऐकतंय ते."

मंदाकिनीबाईंनी पस्तीस वर्षं नारायण पेठेतल्या एका शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर वारज्याच्या नव्या सोसायटीत दोन खोल्या घेतल्या. ती सोसायटी तुळजाबाईंच्या शेतावर उभी होती. शेत गेलं, तरी तुळजाबाई आणि त्यांचा मुलगा सर्जेराव शेजारच्याच बंगल्यात राहत. दोघी म्हाताऱ्यांची रोज संध्याकाळी कट्ट्यावर बैठक असायची.

मंडपात कौल सुरू झाला. गावाकडं देवाला कौल लावतात, मूर्तीला फुलं चिकटवतात आणि कोणतं फूल आधी पडतं ते बघतात. इथे फुलाच्या जागी सुपारी होती आणि मूर्तीच्या जागी अथर्व. भक्तानं दक्षिणा ठेवून प्रश्न विचारायचा, महाराजांनी सुपारी कुत्र्याच्या नाकावर ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून अकरा वेळा नामघोष करायचा. अकरापर्यंत सुपारी टिकली तर होकार, मध्येच पडली तर नकार. काहीही झालं तरी अथर्वाला पेढ्याचा तुकडा मिळायचा.

"आणि दर गुरुवारी कौल संपेपर्यंत त्याचा कडक उपास," पुढची बाई कौतुकानं म्हणाली. "मुक्या जनावराला केवढी ती भक्ती!"

मंदाकिनीबाईंनी त्या पेढ्याकडं पाहिलं, मग कुत्र्याच्या गळणाऱ्या लाळेकडं. अर्धं उत्तर त्यांना तिथंच दिसलं. वर्गातसुद्धा त्या उत्तर कधी लगेच सांगत नसत.

सर्जेराव हात जोडून उभा राहिला. "महाराज, आईच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी आपरेशन सांगितलंय. करू का?"

सुपारी नाकावर चढली. नामघोष सुरू झाला. एक, दोन, तीन, चार... पाचव्याला अथर्वानं मान झटकली आणि सुपारी घरंगळत सर्जेरावच्या पायाशी आली.

"नकार!" महाराज गरजले. "ज्या डोळ्यांनी देव बघायचा, त्यांना लोखंड लावू नको. रोज अंगारा लाव."

डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मंदाकिनीबाईंना ठाऊक होतं, कारण तुळजाबाईंना रिक्षातून त्यांनीच तिकडं नेलं होतं. मोतीबिंदू पार पिकलाय, महिनाभरात काढा. आतच फुटला तर डोळ्यातला दाब वाढेल, आणि मग नजर जाईल ती कायमची. दुसरा डोळा लहानपणीच देवीच्या आजारात गेलेला. म्हणजे तुळजाबाईंकडं होता तो एवढा एकच.

परतताना मंदाकिनीबाईंनी विचारलं, "तुळजाबाई, कौल लागला तेव्हा तुम्हाला काय दिसलं?"

"मला काय दिसतंय? समदं धुकट. सुपारी कुठं न् कुत्रं कुठं."

"मग ऐकू काय आलं?"

तुळजाबाई थबकल्या. "लोकांचा गलका. आन् सुपारी पडायच्या जरा आधी महाराजांची खडाव वाजली. ठक करून."

"दर वेळी?"

"नकार आला तवा दर वेळी वाजली." त्या जरा घुटमळल्या. "होकाराला न्हाय वाजली. पन बाई, पाय हालतोच की मानसाचा."

मंडपातले दोनशे लोक सुपारीकडं बघत होते. जिला सुपारी दिसत नव्हती, तिनंच तेवढी खडाव ऐकली होती. मंदाकिनीबाईंना वाटलं होतं तिथंच सांगून टाकावं. पण आयतं सांगितलेलं उत्तर पोरं कशी विसरतात, हे त्यांनी पस्तीस वर्षं पाहिलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "अंगारा कपाळाला लावा हवा तर. डोळ्यात नको. आणि उद्यापासून रोज सकाळी माझ्याकडं या. मला एक विद्यार्थिनी मिळालीय."

विद्यार्थिनी म्हणजे चटणी. सोसायटीतली रस्त्यावरची काळी कुत्री. हे नाव पोरांनी ठेवलेलं, कारण ती पायात सारखी घोटाळायची आणि चटणीसारखी सगळ्यांच्या डब्यात हजर असायची.

पहिल्या दिवशी मंदाकिनीबाईंनी पोळीचे नखाएवढे तुकडे केले. चटणीला न्याहारीआधी समोर बसवलं, हनुवटीखाली हात धरला, नाकाला सुपारी नुसती टेकवली, "शाबास" म्हटलं आणि तुकडा दिला. पुन्हा टेकवली, पुन्हा तुकडा. दहा वेळा झाल्यावर शाळा सुटली.

"येवढंच?" तुळजाबाई म्हणाल्या.

"पहिलीच्या पोराला पहिल्या दिवशी अख्खी बाराखडी देतात का?"

तिसऱ्या दिवशी सुपारी एक क्षण नाकावर राहिली. पाचव्या दिवशी दोन अंक मोजेपर्यंत. सहाव्या दिवशी मंदाकिनीबाईंना मोह झाला, त्यांनी एकदम सहापर्यंत मोजलं. सुपारी चार वेळा पडली आणि चटणी उठून चालती झाली.

"आता हाना एक फटका," तुळजाबाईंनी सुचवलं.

"चूक तिची नाही, माझी. मी मधल्या पायऱ्या गाळल्या." आणि त्या परत दोनपासून मोजायला बसल्या.

दुसऱ्या आठवड्यात हनुवटीखालचा हात निघाला. सोळाव्या दिवशी चटणीनं मान ताठ ठेवून, डोळे तिरळे करून, अकरापर्यंत सुपारी तोलली. मंदाकिनीबाई हर्षानं वळल्या. बघतात तो तुळजाबाई हात जोडून उभ्या!

"हिच्यात बी आलं की वो! कुंकू आना बाई. आन् आता इचारा, आपरेशन करू का?"

मंदाकिनीबाईंनी कपाळाला हात लावला. सोळा दिवस पुढ्यात शिकवलं, आणि फळ काय, तर वारज्यात दुसरा वेद! रागावण्यात अर्थ नव्हता. विद्यार्थ्याला कळलं नाही तर बाईंनी पद्धत बदलायची. त्यांनी पोळीचे तुकडे तुळजाबाईंच्या ओंजळीत ठेवले.

"आजपासून बाई तुम्ही. तिला असं शिकवायचं, की तुमची काठी वाजली की सुपारी टाकायची."

"मी? मला दिसत न्हाय."

"तिला दिसतं. तुम्ही फक्त वाजवा, आणि सुपारी पडल्याचा आवाज आला की लगेच तुकडा द्या. वेळ चुकवू नका."

तुळजाबाईंनी काठी फरशीवर ठक केली. चटणी दचकली, सुपारी पडली, तुकडा मिळाला. पुन्हा ठक, पुन्हा तुकडा. तिसऱ्या दिवशी चटणी दचकेनाशी झाली. काठीचा आवाज आला की मान झटकायची आणि ओंजळीत नाक खुपसायची. तुळजाबाईंनी एकदा तिसऱ्या अंकाला वाजवलं, एकदा सातव्याला, आणि एकदा वाजवलंच नाही.

त्यांनी काठी हातानं चाचपून पाहिली. मग म्हणाल्या, "बाई, म्हंजी होकार-नकार हिच्याकडं न्हायच. माझ्या काठीत हाय."

"आणि काठी कुणाच्या हातात आहे?"

तुळजाबाईंचा चेहरा लाल झाला. "माझा डोळा घालवत होता की मुडदा!"

पुढच्या गुरुवारी दोघी मंडपात अगदी पुढं जाऊन बसल्या. डॉक्टरांनी दिलेल्या महिन्यातले चार दिवस उरले होते आणि सर्जेराव अजून कौलावर अडून होता. मंदाकिनीबाईंना एकच शंका सतावत होती. चटणी काठीला शिकली होती, पण अथर्व शिकला होता तो खडावेला. लाकूड तेच, शहाबादी फरशी तीच. पण कुत्र्याला तो आवाज तोच वाटेल का?

सर्जेराव उठला. "महाराज, अंगाऱ्यानं आईचा डोळा बरा व्हईल ना?"

महाराज मंद हसले. सुपारी ठेवली. पाय अगदी निश्चल. नामघोष सुरू झाला. एक, दोन, तीन...

ठक.

अथर्वानं मान झटकली. सुपारी खाली.

महाराजांनी आधी कुत्र्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडं. "कुणीतरी सोवळं मोडलंय," ते म्हणाले. "पुन्हा!"

पुन्हा सुपारी. सहाव्या अंकाला ठक. सुपारी घरंगळली, आणि अथर्व बक्षिसासाठी महाराजांकडं न जाता आवाजाच्या रोखानं थेट तुळजाबाईंच्या पुढ्यात येऊन शेपूट हलवत बसला.

"अंगारा नको म्हणतंय कुत्रं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"कलियुग आहे!" महाराज घाईनं म्हणाले. "श्वानालासुद्धा संगदोष लागतो..."

"संगदोष न्हाय, आवाज लागतो!" तुळजाबाई काठी टेकत उभ्या राहिल्या. "सर्जा, डोळं मीट. मंडळी, तुमी बी मिटा. सुपारीकडं बघू नगा. नुसतं ऐका. आता कौल लावा म्हनावं."

महाराजांना ते काही केल्या पटेना. मग मंदाकिनीबाईंनीच अथर्वाच्या नाकावर सुपारी ठेवली. दोनशे माणसं डोळे मिटून मोजू लागली. पाचव्या अंकाला ठक झालं आणि लगेच टप. दुसऱ्या वेळी ठक झालं नाही, आणि अकरा होईपर्यंत टपही झालं नाही. लोकांनी डोळे उघडले तेव्हा महाराज एका पायातली खडाव काढून चौरंगाखाली सरकवत होते. आधी हसलं एक शाळकरी पोर, मग सगळा मंडप.

"महाराज, याला शिकवायला किती दिवस लागले?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"सहा महिने," ते पुटपुटले.

"आम्हाला तीन आठवडे. मारत असणार तुम्ही. मारल्यानं वेळ लागतो." मग त्या लोकांकडं वळल्या. "या कुत्र्यानं कुणालाही फसवलेलं नाही. भूक लागली होती, त्याला जे शिकवलं ते त्यानं इमानानं केलं. उपास त्याच्या भक्तीचा नव्हता, पेढ्यासाठी होता. फसलो ते आपण, कारण आपण नाकाकडं बघत होतो आणि पायाकडं कुणी बघितलं नाही."

सर्जेराव मान खाली घालून आईपाशी आला. "चुकलं माझं."

"चुकतंच मानूस. उद्या डाक्टरकडं चल."

दुसऱ्या दिवशी सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात तुळजाबाईंनी डॉक्टरांना पहिला प्रश्न केला, "समद्यांचं चांगलंच हुतं का हो?"

"बहुतेकांचं होतं," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांचं नाही. तुमचा मोतीबिंदू फार पिकलाय, त्यामुळे धोका इतरांपेक्षा थोडा जास्त आहे. पण थांबलात तर त्याहून जास्त."

सर्जेराव घाबरून आईकडं बघायला लागला. तुळजाबाई मात्र निवांत झाल्या.

"ह्यो मानूस खरा," त्या म्हणाल्या. "आपलं चुकू शकतं म्हनून तोंडावर सांगतोय. तिकडं मंडपात कवाच काय चुकत नव्हतं. आतच न्या मला, डाक्टर."

आठवड्यानं त्यांनी खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी एकेक अक्षर जुळवत वाचली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, चमत्कार दिसला तर हात जोडायची घाई करू नका. तो कुणी घडवला, कसा घडवला आणि त्यात कुणाचा फायदा आहे, एवढं विचारा. खरं असेल ते प्रश्नाला घाबरत नाही. आणि जो म्हणतो की माझं कधी चुकतच नाही, त्याच्या हाती आपला डोळा देऊ नका.