मीमहाराज आणि सरांचा कोट

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकातला नव्हे, शिंप्याच्या दुकानातला. चौकातल्या पुतळ्यावर कबुतरं बसतात, माझ्या अंगात टाचण्या टोचतात. मला डोकं नाही, हात नाहीत आणि पायांच्या जागी एकच लाकडी दांडा आहे. तरीही या दुकानात त्यातल्या त्यात शहाणा मीच, हे तुम्हाला पुढे कळेलच.

मोडक्या स्टुलाचा पाय आणि पोतंभर चिंध्या यांतून माझा जन्म झाला. आमच्या मालकाच्या वडिलांनी मला स्वतः घडवलं. त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाचा कपडा शिंप्याने आपल्या अंगावर चढवायचा नाही; नवा कपडा पहिल्यांदा ज्याचा त्यानेच घालायचा. मग शिवताना तो बेतून कुणावर बघायचा? माझ्यावर. जाड्या गिऱ्हाइकासाठी माझ्या पोटाला टॉवेल गुंडाळत, बारक्यासाठी सोडत. वकील झाले, डॉक्टर झाले, नवरदेव झाले, सगळ्यांचे कोट आधी माझ्या खांद्यावर चढले. लोक फिटिंगचं कौतुक करायचे तेव्हा माझी चिंध्यांची छाती फुगायची.

पुढे वडील गेले आणि दुकान मुलाकडे आलं. तोच आमचा आताचा मालक. हात अगदी बापाचा. पण त्या हातात मोबाइल आला आणि माझे दिवस फिरले. दुकानाची जाहिरात म्हणून तो रोज फोटो टाकू लागला. फोटो कुणाचे? स्वतःचे! मशीनवर बसलेला मालक, चहा पिणारा मालक, सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटलेला मालक. शेजारी बसून त्याची बायको हाताने काजं करते, इतकी सुबक की बघत राहावं. फोटोत तिचं कोपर तेवढं यायचं. माझा खांदा यायचा, तोही पुसट. मला नुसतं धड आणि त्याच्या फोटोत नुसतं डोकं, अशी आमची जोडी होती.

त्याची मुलगी कॉलेजात जाते. एकदा ती म्हणाली की उठता-बसता स्वतःचेच फोटो टाकणाऱ्यांना आमच्या वर्गात मीमहाराज म्हणतात. बायको खुदकन हसली. मालक मात्र खुर्चीत सावरून बसला. महाराज म्हटल्यावर त्याला बरंच वाटलं असावं, कारण लगेच त्याने अजून एक फोटो काढला.

अशात एक दिवस सर आले. मालकाला शाळेत पाढे शिकवणारे हेच ते सर. आयुष्यभर अर्ध्या बाह्यांचे शर्ट घातलेला माणूस. शनिवारी संध्याकाळी शाळेत त्यांचा निरोप समारंभ होता आणि त्यासाठी त्यांना जन्मातला पहिला कोट शिवायचा होता. करड्या रंगाचं कापड त्यांनी स्वतः निवडून आणलं होतं.

कोट गुरुवारी सकाळी तयार झाला. झकास झाला होता. आणि मग आमच्या महाराजांना हुक्की आली. त्यांनी सरांचा कोट माझ्या अंगावरून उतरवला, स्वतः घातला, कॉलर ताठ केली आणि फोटो टाकला! मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. तासाभरात तो फोटो शाळेच्या ग्रुपवर फिरत होता.

दुपारी सर कोट न्यायला आले. त्यांनी तो हातातही घेतला नाही.

"हा तूच ठेव रे," ते म्हणाले. "अख्ख्या शाळेने तुझ्या अंगावर पाहिलाय. मी घातला तर म्हणतील, सरांनी शिंप्याचा कोट मागून आणला."

आवाज चढला नाही, पण मालकाचा चेहरा पाढा चुकल्यासारखा पडला. सर गेले. मग बायकोने कपाट उघडलं आणि मालकाने स्वतःच्या कोटासाठी जपून ठेवलेलं निळं कापड त्याच्यापुढे ठेवलं. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, मोबाइल खणात टाकला आणि कात्री उचलली.

सर ट्रायलला येणार नव्हते. मग त्यांच्या जागी कोण? मापवही काढली, माझ्या पोटाला टॉवेल बांधला आणि दोन दिवस मी सर झालो. किती टाचण्या टोचल्या म्हणून सांगू! पण एकही दुखली नाही. शनिवारी दुपारपर्यंत बायकोने शेवटचं काज पुरं केलं. मालक कोट घेऊन सरांच्या घरी गेला आणि खाली मान घालून रिकाम्या हातांनी परत आला. सरांनी कोट ठेवून घेतला होता, पण घालतो म्हणाले नव्हते.

संध्याकाळी, समारंभाला जायच्या वेळी, दारात निळा कोट दिसला. आत सर होते! खांदे जिथल्या तिथे. मला तर भरून आलं. मालकाने भीत भीत विचारलं, सोबत एक फोटो काढू या का? सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"माझा आणि याचा काढ," ते म्हणाले. "दोन दिवस हा उभा राहिलाय माझ्यासाठी."

मालकाने जन्मात पहिल्यांदा मोबाइल समोरच्यावर धरला. फोटो टाकताना खाली आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग पुसलं आणि लिहिलं, 'काजं : बायकोच्या हातची.' मुलीने फोटो बघितला आणि पोट धरून हसली. कोपऱ्यात मालकाचा भला मोठा अंगठा आला होता. मीमहाराज शेवटी अंगठ्यापुरते उरले.

तो करडा कोट आता माझ्या अंगावर असतो. मालक रोज त्यावरची धूळ झटकतो, पण घालत नाही. माझ्या आयुष्यातला हा पहिलाच कोट, जो माझ्या अंगावरून कुणी उतरवून नेला नाही.

मित्रांनो, फोटो जरूर काढा. पण अधूनमधून मोबाइल उलटा धरून समोर कोण उभं आहे, तेही बघा. आणि जमलं तर अंगठा तेवढा बाजूला घ्या.