गाडीत गाणी नाहीत

आमच्या गाडीत गाणी लावायची नाहीत, हा माझा नियम. गाडी चालवताना गाडीचंच ऐकावं. हल्लीच्या लोकांना हे सांगून उपयोग नाही. त्यांना समोर भलामोठा पडदा हवा, आपोआप बदलणारे गिअर हवेत. मग घरी सोफ्यावरच बसा की! बायको पाहुण्यांना आधीच बजावते, ‘ह्यांच्यापुढे गाडीचा विषय काढू नका, जेवण गार होईल.’ म्हणू दे. गल्लीत कोणाची गाडी वळली हे मी खिडकीकडे न बघता सांगतो.

लेकीला डोंगरापलीकडच्या शहरात नोकरी लागली आणि जायला-यायला तिने माझी गाडी मागितली. मी किल्ली सख्ख्या भावालाही कधी दिलेली नाही.

‘आधी मला घाटातून फिरवून आण, मग बघू,’ मी म्हटलं.

ती चपला काढून बूट घालून आली. एक मार्क तिथेच दिला.

ऐन चढावर तिने गाडी थांबवली, पुन्हा काढली. तसूभर मागे गेली नाही. तरी शेजारी बसून माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबतच होता.

‘बाबा, पत्रा फाटेल खालचा,’ ती म्हणाली.

घाट उतरल्यावर तिच्या कपाळाला आठी पडली. ‘घूं घूं ऐकू येतंय?’

‘रस्ता खराब आहे.’

‘रस्ता तर गुळगुळीत आहे.’

मी कान टवकारले. काही नाही. माझ्या गाडीला नावं ठेवते म्हणजे काय! ‘चालवायला जमत नसेल तर तसं सांग, गाडीत खोट काढू नकोस,’ मी फटकन बोललो.

तिने मोकळा रस्ता बघून गाडी जरा डावीकडे घेतली, मग उजवीकडे. ‘उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकावर येतो, आणि तेव्हाच आवाज वाढतो. पुढचं डावं बेअरिंग गेलंय. हात लावून बघा.’

मी पायाशी पत्र्यावर तळहात टेकवला. उजवीकडे वळताना बारीक थरथर जाणवली. कानांना मात्र अजूनही काहीच ऐकू येत नव्हतं.

ज्या कानांवर आजवर एवढी ऐट केली, ते दगा देत होते. पण लगेच छाती अशी फुगली की सीटबेल्ट आवळायला लागला. ही कडेवर असताना बॉनेट उघडून मी हिला इंजिन ऐकवायचो, तेव्हा बायको ओरडायची, ‘अहो, पोरीला बडबडगीतं ऐकवा!’

गॅरेजवाल्याने चाक उचलून हाताने फिरवलं. ‘डावंच आहे. बरोबर ओळखलंत, साहेब.’

‘मी नाही, हिने ओळखलं!’ मी इतक्या मोठ्याने म्हणालो, की ट्रकखालचा माणूस डोकं बाहेर काढून बघायला लागला.

नवं बेअरिंग दुसऱ्या दिवशी मिळणार होतं. तोवर गाडी हळू चालवत घरी न्या, असं तो म्हणाला. मी किल्ली लेकीच्या हातात ठेवली. ‘ही आता तुझ्याकडेच राहू दे.’ आणि गाडी सुरू झाल्यावर मन आणखी मोठं करून म्हटलं, ‘हवी तर गाणी लाव.’

‘बेअरिंग गेलेलं असताना?’ तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. ‘काहीतरीच काय, बाबा! गप्प बसा जरा, ऐकू द्या.’

मी गप्प बसलो. माझा उजवा पायसुद्धा.