न येण्याचं कारण

ग्रंथालयातल्या मोठ्या बाईंनी सहावा नंबर फिरवला आणि रिसीव्हर मानेशी दाबून धरला. आधीच्या पाचांपैकी दोघांना वेळ नव्हता, दोघांनी घरं बदलली होती आणि एकानं पुन्हा फोन करू नका म्हणून बजावलं होतं. वर्षभर न फिरकलेल्या सभासदांना फोन करून कारण विचारायचं, हे कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवसाचं काम होतं. काल संगणक झाला होता, उद्या वाचकसेवा.

"आपण काय साबण विकतोय?" असं त्या सकाळीच नव्या सहायिकेच्या कानात पुटपुटल्या होत्या. तेवीस वर्षं त्यांनी देवघेवीचं काउंटर सांभाळलं होतं. ज्याला वाचायचंय तो येतो, एवढं साधं गणित.

पलीकडे शिवणयंत्राची घरघर ऐकू आली, मग थांबली.

"ग्रंथालयातून बोलतेय. बऱ्याच दिवसांत आला नाहीत, म्हणून विचारलं."

"शिवणकाम असतं हो. वेळ कुठाय?"

बाईंनी रकान्यात 'वेळ नाही' लिहायला घेतलं.

"खोटं कशाला बोलू?" पलीकडची बाई एकदम म्हणाली. "वेळ काढला असता. काउंटरवरच्या त्या बाई अजून आहेत का?"

पेन अडलं.

"आहेत. का हो?"

"मी चाळिशी उलटल्यावर वाचायला शिकले. जोडाक्षरं अजून अडतात. म्हणून मोठ्या अक्षरांचं, चित्रांचं पुस्तक घेतलं. तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, हे मुलांचं आहे, तुमच्या कार्डावर मिळणार नाही, नातवाला पाठवा. मागची माणसं हसली. नातू कुठून आणू? घरात मी आणि मशीन, दोघंच."

बाईंनी आठवून पाहिलं. काही केल्या आठवेना. नियम तोच होता, आणि दिवसातून चारदा तो सांगावा लागे. कुणाला कसा सांगितला, हे कोण लक्षात ठेवतं?

"चुकलं त्यांचं," त्या म्हणाल्या. "गुरुवारी दुपारी त्या काउंटरवर नसतात. तेव्हा याल?"

"बघते. पण तुम्ही कोण?"

"मी इथलीच," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. 'वेळ नाही' खोडून त्यांनी लिहिलं : काउंटरवरच्या बाईंचं बोलणं.

संध्याकाळी त्या ग्रंथपालांसमोर उभ्या राहिल्या.

"गुरुवारी दुपारी मी पुस्तकबांधणीच्या खोलीत बसेन. नव्या मुलीलाही काउंटरची सवय व्हायला हवी."

"तुम्ही? खळ आणि कात्री घेऊन?" ग्रंथपाल हसले.

"आणि मुलांची पुस्तकं मोठ्यांच्या कार्डावर द्यायला परवानगी हवी."

"अहो, हा नियम तुम्हीच तर लावून धरला होतात!"

"म्हणून तर मीच सांगतेय."

पहिल्या गुरुवारी कुणी आलं नाही. दुसऱ्याही नाही. बाई आत बसून पुस्तकांच्या फाटक्या पाठींना कापडाच्या पट्ट्या चिकटवत राहिल्या. दार वाजलं की हात थांबे. आपल्याच ग्रंथालयात चोरासारखं बसायची पाळी आली, असं मनात येऊन त्यांना हसूही आलं, आणि ते लगेच विरलंही.

तिसऱ्या गुरुवारी सहायिका आत डोकावली. चेहरा खुललेला.

"बाई, एक शिवणकाम करणाऱ्या आल्यात. चित्रांचं पुस्तक दिलं मी. पण जायलाच तयार नाहीत. फोन केला होता त्या ताईंना भेटायचंय म्हणतात. कुणी कधी असं विचारलं नव्हतं म्हणे."

"आज घरी गेल्या म्हणून सांग."

"मी तर सांगून बसले, आत आहेत म्हणून."

बाईंनी ब्रश वाटीत ठेवला. बोटांवरची खळ एकेक करून पुसली. पुसून झाली तरी फडकं हातात फिरतच राहिलं. मग त्यांनी पदर सारखा केला आणि त्या बाहेर आल्या.

काउंटरपाशी उभ्या असलेल्या बाईनं हसतमुखानं वर पाहिलं. हसू जागच्या जागी थांबलं.

"फोनवर आवाज वेगळा वाटला होता," ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी काउंटरला वळसा घातला, वाचकांच्या बाजूची खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर ठेवली.

ती बसली नाही. पण हातातलं पुस्तकही तिनं खाली ठेवलं नाही.