दोन ब्रेकची गाडी

सकाळचे ऊन प्रथम गाडीच्या टपावरच्या फलकावर आले आणि तिथेच बराच वेळ रेंगाळले. त्यात विशेष असे काही नव्हते. रोज येते तसेच ते आले होते, किंचित फिकट, अजून नीट जागे न झालेले. मग ते काचेवरून खाली ओघळले, वायपरमध्ये अडकलेल्या दोन वाळक्या पानांपाशी थबकले, आणि शेजारच्या सीटसमोरच्या जादा आरशात शिरून भिंतीवर हातभर लांबीचा उजळ चौकोन होऊन थरथरत राहिले. ओले फडके हातात धरून मुलगा त्या चौकोनाकडे पाहत होता. बॉनेट अर्धेच पुसून झाले होते.

‘बाबा, आजच्यापुरता हा बोर्ड काढू या का?’

‘का रे, लाज वाटते?’ बाबा डिकीत डोके घालून पिशव्या रचत होते. ‘दोनशे किलोमीटर फुकटची जाहिरात आहे ती.’

फलकावर बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलचे नाव होते आणि त्याखाली लाल अक्षरांत ‘शिकाऊ चालक. अंतर ठेवा.’ घरची गाडी म्हणून होती ती हीच. तिला दोन ब्रेक होते. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या.

मुलाला फलकाची लाज वाटत नव्हती. त्याला भीती होती ती स्वतःच्या पाकिटातल्या लायसन्सची. चार आठवड्यांपूर्वी, अठरा पूर्ण झाल्यावर, ते त्याने मिळवले होते, आणि बाबांना त्याचा पत्ता नव्हता. बाबांच्या लेखी मुलाने तीन धड्यांनंतर हात टेकले होते. त्या तिन्ही धड्यांत त्याचा पाय ब्रेककडे निघण्याआधीच बाबांचा पाय पोचलेला असे. चौथ्या धड्याऐवजी तो रस्ता ओलांडून समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेला. ते काकाचे होते.

शिकवावे कसे, यावरून दोघे भाऊ सहा वर्षांपूर्वी वेगळे झाले. काका धडा देताना सीटवर चक्क मांडी घालून बसे. ब्रेकला त्याचा पाय लागतच नसे. ‘त्याला शिकवता येत नाही,’ एवढेच बाबा गेली सहा वर्षे म्हणत आले होते. ते रागावतील, याची मुलाला धास्ती नव्हती. धास्ती ही होती, की ते काहीच बोलणार नाहीत, आणि जेवताना त्याच्याकडे न पाहता मीठ मागतील, जसे ते रोज समोरच्या फुटपाथकडे न पाहता शटर उघडत.

‘खिडकी माझी,’ धाकटी बहीण कानाशी कुजबुजली. तिला सगळे ठाऊक होते.

‘जाताना तुझी. येताना माझी.’

‘बाबा, तुम्हाला एक गंमत सांगू?’

‘येतानाही तुझी,’ मुलगा घाईने म्हणाला.

या सुट्टीच्या दिवशी तळ्याकाठी मोठी आतषबाजी होते, आणि ती पाहायला जायचे, असे बाबा दर वर्षी म्हणत. या वर्षी ते खरोखरच निघाले. आई पुढे बसली, म्हणजे दुसरा ब्रेक तिच्या पायाशी आला. ती स्वतः गाडी शिकली नव्हती. त्यामुळेच आमचा संसार टिकला, असे ती पाहुण्यांना सांगे. तासाभरात भर रस्त्यावर गाडी गचकन थांबली.

‘अगं!’

‘अहो, ट्रक होता.’

‘मला दिसत होता तो!’

‘मलाही दिसला. म्हणूनच दाबला.’

मागची गाडी कर्कश भोंगा वाजवत शेजारी आली. तिच्या चालकाने टपावरचा फलक वाचला, त्याचा चेहरा निवळला, आणि बाबांकडे पाहून त्याने मायेने अंगठा उंचावला: जमेल, हळूहळू जमेल. वीस वर्षे शिकवत आलेल्या बाबांना तो अंगठा पुढचे चाळीस किलोमीटर पचला नाही.

अंधार पडताच तळ्यावर पहिली रेघ उठली आणि आभाळात फुटून पाण्यात उतरली. गर्दी ‘आह’ म्हणाली. मुलगा वर पाहण्याऐवजी बाबांकडेच पाहत होता. मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून उभे असलेले बाबा त्याला एकाएकी फार एकटे वाटले. तेवढ्यात मोठा बार झाला, बहिणीने आनंदाने उडी मारली, तिचे कोपर बाबांच्या कानशिलाला लागले, आणि एक पाऊल मागे सरताना त्यांच्या बुटाखाली काहीतरी कुरकुरले.

‘काहीतरी मोडलं,’ बाबा म्हणाले, आणि काय मोडले ते पाहण्यासाठी नाकावर चष्मा चाचपू लागले.

आईने दोन काड्या आणि उरलेसुरले गोळा करून रुमालात बांधले. ‘आता कसं दिसतंय?’

‘सुंदर,’ वर पाहत बाबा म्हणाले. ‘सगळं एकमेकांत मिसळलंय.’

आतषबाजी संपली तेव्हा गाडी कोण चालवणार हा प्रश्न उभा राहिला. आईने आधीच हात जोडले. बाबा अंदाजाने मुलाच्या दिशेने वळले.

‘तू घे. तीन धडे झालेत. बाकी मी ब्रेकवर आहे.’

‘तुम्हाला दिसत नाहीये, बाबा.’

‘पायाला डोळे लागत नाहीत.’

मुलाने वाईट चालवायचे ठरवले. पहिल्यांदा त्याने मुद्दाम गाडी बंद पाडली, दुसऱ्यांदाही. ‘क्लच, क्लच,’ बाबा समाधानाने म्हणाले. पण मैदान माणसांनी भरलेले होते, आणि माणसांमध्ये नाटक करण्याची त्याची हिंमत झाली नाही. घाबरून तो, नकळत, बोलू लागला.

‘डावीकडे आजोबा, थांबणार. उजवीकडे फुगेवाला, थांबणार नाही. समोर दोन मुलं पळतायत. तिसरं मागून येणार.’

तिसरे आले. गाडी अलगद थांबली. बाबांचा पाय अजून वाटेतच होता.

आई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. बहिणीने, दिवसभरात प्रथमच, खिडकी सोडून डोके पुढच्या दोन सीटमध्ये घातले. दिसेल ते आणि पुढे घडेल ते मोठ्याने बोलत गाडी चालवायची, ही सवय कोणाच्या विद्यार्थ्यांना असते ते त्यांच्या भागात सगळ्यांना माहीत होते. बाबाच जेवताना त्या सवयीची नक्कल करून दाखवत. मुलाने ओठ घट्ट मिटले.

‘गप्प का झालास?’ बाबा म्हणाले. ‘मला दिसत नाहीये. बोल.’

‘मोठा रस्ता लागला. समोरून एकच दिवा येतोय. मोटारसायकल वाटते, पण ट्रक आहे; दुसरा दिवा गेलाय. मी डावीकडे घेतो.’

ट्रक घरघरत निघून गेला. बाबांनी ब्रेकपाशी धरलेले दोन्ही पाय मागे घेतले.

‘किती दिवस जात होतास?’

‘तीन महिने.’

‘परीक्षा?’

‘पहिल्याच खेपेला पास.’

‘पुढे?’

‘पुढे वळण आहे. कुत्रं बसलंय कडेला. उठणार नाही.’

कुत्रे उठले नाही. बाबांनी समोरच्या काचेकडे तोंड केले, जिच्यातून त्यांना काहीही दिसत नव्हते.

‘माझ्यापेक्षा चांगलं शिकवतो तो,’ ते म्हणाले.