चुकलेल्या नेमाचा शर्ट

मिस्टर प्रुइट माझ्याशी बोलताना गुडघ्यांवर हात टेकून वाकायचे आणि आवाज असा लाडिक काढायचे, जणू मी पाच वर्षांचा आहे आणि वर बहिराही. दोन वर्षांपूर्वी मचाणावरून पडून माझे पाय गेले होते, कान नव्हे. पण त्यांची संस्था अपंगांना शिकारीला नेणारी, त्यामुळे आमच्या शिकारीच्या कॅम्पवर सगळे त्यांच्यापुढे मान डोलवायचे.

खोटं कशाला बोलू, संस्थेने ओकच्या झाडांखाली बांधलेलं लपण झकास होतं. रुंद दार, लाकडी उतार, बसल्या उंचीवर खिडकी. कुणाच्या पाठुंगळी न बसता माझी खुर्ची मीच ढकलत आत गेलो. मला एवढंच हवं होतं. मिसिसिपीच्या या रानात मी पोरवयापासून बापाबरोबर यायचो. मला परत त्या कॅम्पमधला एक व्हायचं होतं, पाहुणा नाही.

उजाडता उजाडता मोठ्या शिंगांचा एक हरणाचा नर आला. त्याची उजवी कूस सरळ माझ्यासमोर होती. मी घाई केली. चाप ओढला आणि त्याच्या पाठीवरून गेलेल्या गोळीने मागच्या झाडाची साल उडालेली या डोळ्यांनी पाहिली. त्याच क्षणी कुठून तरी दुसरा बार झाला आणि हरिण जागीच कोसळलं.

मी उतारावरून खाली येईपर्यंत माझा चुलतभाऊ हॉलिस हरणापाशी पोचलासुद्धा होता. "मारलंस रे, वेंडल!" असं तो इतक्या जोरात ओरडला की मला तेव्हाच संशय आला. मी हरणाची कूस पाहिली. तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. गोळी समोरून छातीत शिरली होती.

कॅम्पवर आल्यावर सगळ्यांनी हरणाचं डोकं उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. मिस्टर प्रुइट कॅमेरा घेऊन सरसावले. "हसा, वेंडल! शिंगं नीट धरा!" मेलेल्या जनावराची जीभ माझ्या पँटला चिकटली होती. मला त्या जिभेची नाही, त्या हसण्याची शिसारी आली.

तेवढ्यात कात्री निघाली. आमच्याकडे नेम चुकला की शर्टाचा मागचा घेर कापतात, त्यावर नाव आणि साल लिहितात आणि भिंतीवर ठोकतात. वय, नातं, काही बघत नाहीत. त्या सकाळी कॅम्पचे म्होरके ओडेल काकांचाच नेम चुकला होता.

"काका, चष्मा काय हरणाला घालायला दिला होता?"

"ते हरिण जाताना टाटा करून गेलं म्हणे!"

"कापा लेको, कापा," काका ओरडत होते. "बायकोने घेतलेला नवा शर्ट आहे. ती तुमचे कान कापेल!"

सगळे पोट धरून हसले. हसणं थांबल्यावर मी म्हणालो, "आता माझा कापा."

"तुझा कशाला?" हॉलिस म्हणाला.

"माझा नेम चुकला."

"येड्यासारखं बोलू नकोस. मांडीवर काय आहे मग?"

"याला छातीत गोळी लागलीय. माझ्याकडे याची कूस होती. तू कुठे दडून बसला होतास?"

हॉलिसने प्रुइटकडे पाहिलं. प्रुइट परत गुडघ्यांवर वाकले. "वेंडल, आज आनंदाचा दिवस आहे ना? आपले देणगीदार हे फोटो बघणार आहेत."

"तुम्ही आधी सरळ उभे राहा," मी म्हणालो. "काका, कात्री चालवा."

मघाशी आरडाओरडा करणारा तो म्हातारा एकदम मऊ झाला. "राहू दे रे पोरा. तुझी गोष्ट वेगळी."

त्यापेक्षा त्यांनी मला मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

"उपकाराची काही किंमतच नाही याला!" हॉलिस भडकला. "आम्ही याच्यासाठी थंडीत कुडकुडत बसायचं आणि वर हे ऐकायचं! गेल्या वर्षी तर खुशाल घरी घेऊन गेलास, तेव्हा नाही..."

त्याने जीभ चावली. पण बोलून झालं होतं.

गेल्या वर्षीच्या हरणाची शिंगं माझ्या घरी भिंतीवर टांगलेली आहेत. मी ते कसं टिपलं हे पोरीला इतकं रंगवून सांगितलं होतं की ती शाळेभर सांगत फिरली. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे जमिनीकडे बघत होते. म्हणजे तेही मी मारलं नव्हतं, आणि सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभर हे लोक माझ्या घरी येऊन त्या शिंगांखाली बसून जेवले होते.

मी ते डोकं मांडीवरून ढकलून दिलं. काकांच्या हातून कात्री हिसकावली. घेर अंगाखाली अडकला होता, म्हणून त्या गारठ्यात बटणं सोडून शर्टच काढला. एरवी माझा कप उचलायलाही धावणारे ते हात आता खिशांत होते.

मी दोन तुकडे कापले. एकावर यंदाचं साल लिहिलं, दुसऱ्यावर गेल्या वर्षीचं. दोन्हींवर माझं नाव. ते हॉलिसच्या हातात कोंबले.

"ठोक," मी म्हणालो. "खिळे उंच आहेत. तेवढीच मदत कर."